पायमार्गाचा प्रश्न : संग्रामपूरच्या निमित्ताने एक आढावा

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्यापासून पूर्णेच्या खारपाणपट्ट्यापर्यंत पसरलेल्या संग्रामपूर तालुक्यात लोहमार्ग नाही. मुंबई-हावडा मार्गावरील शेगाव हेच त्याचे नजीकचे स्थानक, आणि तेथवर पोहोचायचे तर पूर्णा ओलांडून सडकेनेच जावे लागते. जळगाव जामोद असो की तेल्हारा, शेजारच्या तालुक्याची कचेरी, दवाखाना वा कापसाचा बाजार गाठण्याला दुसरे साधन नाही. एसटी, काळीपिवळी आणि घरची दुचाकी ही या सडकेची मान्यताप्राप्त वाहने. परंतु त्यांपैकी कोणत्याही वाहनाने जाणारा मनुष्य प्रवासाच्या आरंभी आणि अंती चालतच असतो, आणि शेतात जाणारी मजूर स्त्री, शाळेत जाणारे पोर व आठवडी बाजाराला निघालेला म्हातारा यांचा तर अवघा प्रवासच पायी होतो. असे असता सडकेची आखणी, तिचे अंदाजपत्रक आणि तिच्या दुरुस्तीचे देयक या तिन्ही कागदांत या माणसाचा उल्लेख क्वचितच आढळतो. पायी चालणारे आणि सायकल चालविणारे यांना सुरक्षित वाट मिळावी म्हणून महाराष्ट्रात आजवर जे प्रयत्न झाले, त्यांचा एका आडवळणाच्या तालुक्याच्या दृष्टीने परामर्श घ्यावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

जुन्या दप्तरातील चालणारा

पादचाऱ्याचा हक्क ही शहरी सुखवस्तूंची आधुनिक कल्पना आहे, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. पण महसुली दप्तराकडे पाहिले म्हणजे तो टिकत नाही. वऱ्हाडातील जमिनीची मोजणी गेल्या शतकाच्या आधी मुंबई इलाख्याच्या धर्तीवर झाली, आणि त्या पद्धतीच्या गावनकाशात गाडीमार्गाबरोबर पायमार्गही तुटक रेषेने दाखविण्याची रीत होती. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, तर पायमार्गाची सव्वाआठ फूट धरली जाई. ज्या सरकारला रयतेच्या सोयीपेक्षा साऱ्याच्या वसुलीची चिंता अधिक होती, त्यानेही माणसाच्या पावलांसाठी नकाशावर एक रेषा आणि जमिनीवर सव्वाआठ फूट राखून ठेवले होते, ही गोष्ट आज आठवण्यासारखी आहे. कारण पदपथाविषयी इंडियन रोड्स काँग्रेसने घालून दिलेली आजची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट आहे, आणि तालुक्याच्या गावी तीही दिसेल तर नवल.

वाटेचा तंटा उद्भवला तर त्याच्या निवाड्याचीही तजवीज होती. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने वहिवाटीच्या रस्त्यातील अडथळा दूर करण्याचा अधिकार मामलेदारास दिला, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ ने धुऱ्यावरून शेतात जाण्याच्या वाटेचा निर्णय तहसीलदाराकडे सोपविला. पांदण रस्त्यांची प्रकरणे आजही या दोन तरतुदींच्या आधारे तहसील कचेरीत चालतात, आणि वाट अडली तर कोणाकडे जावे हे वऱ्हाडातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. हीच व्यक्ती बसथांब्याजवळच्या डांबरी सडकेवर उभी राहिली, की आपली वाट कोणी अडविली आणि दाद कोणाकडे मागावी, हे मात्र तिला उमगत नाही. कारण तेथे तिची वहिवाट कोठेही नोंदलेली नाही.

सायकलीची कथाही याच वळणाची आहे. एके काळी नगरपालिका सायकलीवर कर बसवीत आणि तो भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला देत. रात्री दिव्यावाचून वा दुहेरी बसून जाणाऱ्याला पोलिसाचा धाक असे. हा जाच लोकांना नकोसा होता हे खरे, तथापि त्यामुळे सायकल हे वाहन सरकारदरबारी मोजले जाई, हेही तितकेच खरे. कर गेला, बिल्ला गेला आणि सायकलीची गणतीही संपली. २०११ च्या जनगणनेत देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, म्हणजे स्वयंचलित दुचाकी असलेल्या कुटुंबांच्या दुपटीहून अधिक; परंतु रस्त्याच्या आखणीत त्या संख्येला कोणतेच स्थान मिळाले नाही.

आकडे आणि कायदा

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मृत्यू पावली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होती, आणि सायकलस्वारांची संख्या पाच हजारांच्या जवळपास होती. २०१४ मध्ये पादचाऱ्यांच्या मृत्यूंची नोंद १२,३३० इतकी होती. या वाढीचा काही अंश नोंदणीतील सुधारणेचा असेल. पण मृतांत पायी चालणारा प्रत्येक पाचांत एक आहे, एवढे तरी निर्विवाद आहे. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की २०२२ मधील एकूण मृत्यूंपैकी सुमारे दोन-तृतीयांश ग्रामीण भागात घडले. पदपथ, सायकलमार्ग, पादचारी पूल यांची चर्चा मात्र जवळजवळ सारी महानगरांची असते. जेथे माणसे अधिक मरतात तेथे प्रश्न विचारणारी मंडळी कमी, असा हा विपरीत हिशेब आहे.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातच त्याचा पडताळा मिळतो. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ खाजगी बस पेटून पंचवीस प्रवासी होरपळून मेले, आणि रस्त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न देशभर गाजला. तो गाजणे योग्यच होते. परंतु त्या ७०१ किलोमीटरच्या महामार्गावर पादचाऱ्याला व सायकलस्वाराला मुळात प्रवेशच नाही. आणि जेथे त्यांना प्रवेश आहे, किंबहुना जेथून गेल्यावाचून त्यांना गत्यंतर नाही, त्या जिल्हा मार्गांवर एकेकटा मेलेला मनुष्य वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरील चार ओळींत संपतो.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात मुंबईच्या पदपथांवरील रहिवाशांच्या उपजीविकेचा कैवार घेत असतानाच सर्वोच्च न्यायालयाने पदपथ हे चालणाऱ्यांच्या सोयीसाठी आहेत, हे तत्त्वही नमूद केले होते. कोइमतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजशेखरन यांनी २०१२ मध्ये रस्त्यावरील मृत्यूंविषयी याचिका दाखल केली, आणि तिच्याच ओघात १४ मे २०२५ रोजी न्या. अभय ओक व न्या. उज्जल भुयान यांच्या पीठाने निर्वेध पदपथाचा हक्क हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे निःसंदिग्ध शब्दांत सांगून राज्यांना पदपथांविषयी मार्गदर्शक तत्त्वे करण्यास फर्माविले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३८ (१अ) खाली पादचारी व बिनयांत्रिक वाहने यांच्यासंबंधीचे नियम सहा महिन्यांत करण्याचा आदेश राज्यांना दिला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९८अ तर रस्ता बांधणाऱ्या व राखणाऱ्या यंत्रणेलाच उत्तरदायी धरते : विहित मानकांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व ओढवले, तर एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. हुकूमनाम्यांची वाण नाही. वाण आहे ती ते हुकूमनामे तालुक्याच्या कचेरीत नेऊन टेबलावर ठेवणाऱ्यांची.

पुण्याचा धडा

या विषयावर संघटित आणि चिकाटीचे लोककार्य महाराष्ट्रात प्रामुख्याने पुण्यात झाले. सायकलींचे शहर म्हणून ज्याची ख्याती होती, त्या पुण्यात दुचाक्यांचा सुळसुळाट होऊन सायकल मागे पडली, तेव्हा सुजित पटवर्धन प्रभृतींच्या 'परिसर' या संस्थेने आणि पादचाऱ्यांची बाजू मांडणाऱ्या इतर नागरिकांनी महापालिकेचा पाठपुरावा हाती घेतला. बैठका, पाहण्या, हरकती आणि निवेदने असे हे बिनझगमगाटाचे काम वर्षानुवर्षे चालले. त्याचे फळ म्हणून २०१६ मध्ये महापालिकेचे पादचारी धोरण आणि डिसेंबर २०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ आले. आणि ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवून महापालिकेने पादचारी दिन साजरा केला.

पण हे श्रेय देत असताना अपयशाचे मापही पदरात घेतले पाहिजे. केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण योजनेच्या पैशातून पुण्यात जे सायकलमार्ग बांधले गेले, त्यांतील अनेक तुटक राहिले : कोठे मध्येच विजेचा खांब, कोठे बसथांबा, कोठे उभ्या मोटारी. सायकल शंभर पावले सुखाने जाते आणि मग वाहनांच्या लोंढ्यात लोटली जाते. तेव्हा शहाणा सायकलस्वार त्या मार्गावर चढतच नाही, आणि मार्ग रिकामा दिसतो म्हणून त्याची गरजच नव्हती असा निष्कर्ष काढला जातो. २०१७-१८ च्या सुमारास गाजावाजाने आलेल्या भाड्याच्या सार्वजनिक सायकलीही अल्पावधीत दिसेनाशा झाल्या. मुंबईत २००८ पासून उभारलेल्या आकाशमार्गिकांची गतही फारशी वेगळी नाही. चालणाऱ्याला रस्त्यावर जागा देण्याऐवजी त्याला जिने चढवून वर धाडण्याचा तो उपाय मूलतः मोटारीची सोय पाहणारा होता.

पुण्यापासून घ्यायचा धडा असा, की धोरण मंजूर करून घेणे हा लढ्याचा अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा दरसालच्या अंदाजपत्रकात आणि प्रत्येक कामाच्या पूर्णत्वाच्या दाखल्यात लढावा लागतो. आणखी एक सावधगिरीची सूचनाही येथे नमूद केली पाहिजे. अलीकडे अनेक शहरांत हौशी सायकलपटूंची मंडळे स्थापन झाली आहेत आणि त्यांचा उत्साह स्पृहणीय आहे. परंतु पहाटे व्यायामासाठी सायकल काढणारा आणि पोटासाठी वा शाळेसाठी ती चालविणारा या दोघांच्या गरजा सारख्या नसतात. पहिल्याला लांब, मोकळा रस्ता हवा असतो; दुसऱ्याला घरापासून शाळेपर्यंतचे तीन किलोमीटर निर्धोक हवे असतात.

वारीची वाट

खेड्यापाड्यांच्या दृष्टीने पुण्याच्या उदाहरणापेक्षा अधिक बोधप्रद आहे ती वारीची वाट. आळंदी आणि देहूहून पंढरीला जाणाऱ्या पालखीमार्गांचे राष्ट्रीय महामार्गांत रूपांतर करण्याच्या कामांचे भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाले, तेव्हा महामार्गाच्या दोन्ही अंगांस वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पायवाट राखण्याचे ठरले. मोटारींच्या रस्त्यालगत माणसांची वाट बांधणे अशक्य आहे, जागा नाही, पैसा नाही, असे जे सदैव सांगितले जाते, त्याला यापरते समर्पक उत्तर नाही. हे का घडू शकले? लाखो माणसे ठराविक तिथीला ठराविक वाटेने चालतात, ही गोष्ट सरकारला नाकारता येत नव्हती म्हणून. चालणारा मोजला गेला आणि त्याला जागा मिळाली. अशी वाट नसली म्हणजे काय होते, ते ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ दिसून आले : कार्तिकीसाठी निघालेल्या दिंडीत मोटार शिरून सात वारकरी मृत्युमुखी पडले.

संग्रामपूरकरांना हे वेगळे सांगावयास नको. गजानन महाराजांचे शेगाव शेजारी असल्यामुळे माघातील प्रकटदिनाला आणि ऋषिपंचमीच्या पुण्यतिथीला वऱ्हाडातील गावोगावच्या दिंड्या याच सडकांनी चालत येतात. आषाढीसाठी संस्थानची पालखी पंढरपूरला पायी जाते, आणि ती परतताना खामगाव ते शेगाव हा शेवटचा टप्पा जनसागराने भरून जातो. त्या दिवशी पोलीस बंदोबस्त असतो, वाहतूक वळविली जाते, जागोजागी पाण्याची आणि औषधपाण्याची सोय होते. चालणाऱ्या माणसाची काळजी कशी घ्यावी याचे ज्ञान आमच्या प्रशासनाला आणि समाजाला उत्तम प्रकारे आहे, याचा हा दरसाल मिळणारा पुरावा होय. उत्सवाच्या दिवशी जो आदर भाविकाच्या पावलांना मिळतो, त्याचा शतांश इतर दिवशी शाळकरी मुलीच्या पावलांना मिळावा, ही मागणी काही अवाजवी नव्हे.

मुलींची सायकल

मुलींचा उल्लेख ओघाने आला. पण या साऱ्या प्रश्नाचे मर्म तेथेच आहे. शिक्षणहक्क कायद्याखालील महाराष्ट्राचे नियम पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी असे मानतात. मूल चालत जाईल हे कायद्याने गृहीत धरले. मात्र ते ज्या वाटेने जाईल तिच्याविषयी तो अवाक्षर काढीत नाही. आठवीनंतर तर शाळा अधिकच दूर जाते आणि शिक्षण सुटते ते बहुधा मुलींचे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमाने २०११ पासून बावीस जिल्ह्यांतील १२५ मागास तालुक्यांत यावर दोन उपाय योजले : मुलींसाठी एसटीच्या स्वतंत्र बसगाड्या, आणि शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अर्थसाहाय्य. हे साहाय्य आधी साडेतीन हजार रुपये होते, ते २०२२ मध्ये पाच हजार करण्यात आले. बिहारने २००६ मध्ये अशीच योजना आरंभिली होती. तिचा अभ्यास करून कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी असे दाखविले, की माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी सुमारे तीस टक्क्यांनी वाढली आणि मुलगे-मुलींमधील तफावत चाळीस टक्क्यांनी घटली.

सायकल देणारे खाते एक आणि सडक बांधणारे खाते दुसरे. पहिल्या खात्याने दिलेल्या सायकली रोज सकाळी कोणत्या सडकेवर येतात, हे दुसऱ्या खात्याला ठाऊक नसते. सडकेचे मजबुतीकरण होते, डांबराचा थर चढतो, आणि साइडपट्टी मुरूम न भरता तशीच राहते. मग समोरून मालमोटार आली की मुलीला त्या चार-सहा इंचांच्या उतरंडीवरून चाक खाली घालावे लागते. पावसाळ्यात तर काळ्या मातीच्या चिखलात तेही शक्य नसते. शासनाने स्वतःच्या पैशाने जिला सायकलवर बसविले, तिच्यासाठी शासनानेच बांधलेल्या सडकेवर दोन हात जागा नसावी, ही विसंगती पत्राने, निवेदनाने, ग्रामसभेच्या ठरावाने दाखवून देणे हेच येथील लोककार्याचे पहिले प्रकरण ठरावे.

परदेशातील दाखले

नेदरलँड्स हा देश आज सायकलींसाठी प्रसिद्ध आहे. परंतु ती त्याची उपजत प्रकृती नव्हे. महायुद्धानंतर तेथेही मोटारीने सायकलीला हुसकावले होते. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात चारशेहून अधिक मुले रस्त्यावर दगावली, आणि १९७३ मध्ये आईबापांनी 'मुलांची हत्या थांबवा' या घोषणेने चळवळ उभारली. दोन वर्षांनी सायकलस्वारांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला. कोलंबियाच्या बोगोता शहराने १९७४ पासून रविवारी प्रमुख रस्ते मोटारींना बंद करून ते चालणाऱ्यांच्या आणि सायकलींच्या हवाली केले. स्वीडनने १९९७ मध्ये रस्त्यावर एकही मृत्यू क्षम्य नाही हे राष्ट्रीय तत्त्व मान्य केले. या तिन्ही ठिकाणी सुरुवात श्रीमंतीतून झाली नाही. मृत्यू ही नियती नसून रस्त्याच्या रचनेचा परिणाम आहे, या प्रतीतीतून झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ताशी पन्नास किलोमीटर वेगाच्या मोटारीची धडक बसल्यास प्रौढ पादचारी मरण्याचा संभव वीस टक्क्यांहून कमी असतो; वेग ऐंशी झाला की तो साठ टक्क्यांच्या घरात जातो. गावातून जाणाऱ्या सडकेवरील वाहनाचा वेग आवरणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

आक्षेप आणि त्यांचे मूल्य

पहिला आक्षेप हातगाड्यांचा. पदपथ बांधला की तो फेरीवाले व्यापतात, मग बांधावा कशाला? बाजारपेठेत चालणाऱ्याची वाट अडते ती भाजीच्या पाटीने थोडी आणि आडव्यातिडव्या लावलेल्या दुचाक्यांनी पुष्कळ. शिवाय २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्यांसाठी जागा ठरवून देण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थेवरच टाकले आहे. गरिबाच्या टोपलीला आणि गरिबाच्या पावलाला परस्परांविरुद्ध उभे करणे अन्यायाचे होय. दुसरा आक्षेप गतिरोधकांविषयी आहे आणि त्यात तथ्य आहे. अपघात झाला की संतप्त ग्रामस्थ रातोरात मातीचा वा काँक्रीटचा उंचवटा घालतात, आणि तोच पुढे दुचाकीवरील माणसाचा काळ होतो. ३.७ मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच असे गतिरोधकाचे मानक ठरलेले आहे. त्याआधी सूचनाफलक आणि त्यावर पांढरे पट्टे असणे आवश्यक आहे. मागणी करावी ती मानकाप्रमाणे करावी, म्हणजे ती धुडकावणे कचेरीला जड जाते.

तिसरा आक्षेप पैशाचा. संग्रामपूरच्या नगरपंचायतीकडे पुण्याचा खजिना नाही, हे मान्य. पण येथे पुण्याच्या पदपथाची मागणीही कोणी करू नये. नाली बांधताना तिच्यावर सपाट, सलग झाकणे टाकली की वस्तीत पायमार्ग तयार होतो. सडकेच्या दुरुस्तीच्या देयकात साइडपट्टीची भर समाविष्ट आहे की नाही, हे काम सुरू होण्यापूर्वी पाहिले की अर्धा प्रश्न मिटतो. नदीवरील पुलाच्या नव्या प्रस्तावात कठड्यालगत चालण्याची पट्टी मागणे खर्चाचे नाही. पूल बांधून झाल्यावर ती जोडणे मात्र दुरापास्त असते.

निष्कर्ष

या साऱ्या विवेचनाचा इत्यर्थ एकच आहे. जो दप्तरात आहे त्याला रस्त्यात जागा मिळते : गावनकाशातील पायमार्गाला ती मिळाली, वारकऱ्याला ती मिळाली, बिल्ला गमावलेल्या सायकलीची गेली. म्हणून तालुक्यातील शिक्षक, बचतगटांतील भगिनी, निवृत्त कर्मचारी आणि तरुण यांनी घोषणांपूर्वी नोंदीचे काम हाती घ्यावे. कोणत्या शाळेची किती मुले कोणत्या सडकेने पायी व सायकलने येतात, कोठे साइडपट्टी खचली आहे, कोठे अपघात झाले आणि त्यांचे पंचनामे काय सांगतात, याची यादी प्रत्येक शाळेच्या व्यवस्थापन समितीने करावी. ती ग्रामसभेच्या ठरावास जोडावी. सडक राज्याच्या बांधकाम विभागाची की जिल्हा परिषदेची हे माहितीच्या अधिकारात विचारून घ्यावे. आणि ती यादी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे पोच घेऊन ठेवावी. उत्तर आले नाही तर तीच यादी पुढील वर्षी नव्या आकड्यांसह पुन्हा ठेवावी. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्यात टाळ्या नाहीत; परंतु हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केल्यावर उरले आहे ते एवढेच, आणि ते दिल्ली वा मुंबई संग्रामपूरसाठी करणार नाही. ते संग्रामपूरच्याच माणसांना करावे लागेल, आणि येत्या अंदाजपत्रकापूर्वी त्यांनी ते सुरू करावे.